ताईचं ओटीपोट आणि एमआरआयमधली ती सिस्ट

नमस्कार मंडळी,

माझी मोठी बहीण पुण्यात असते. चार वर्षं ओटीपोट दुखतंय. सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. आता कमरेच्या एमआरआयच्या रिपोर्टात शेवटी ‘टार्लोव्ह सिस्ट, एस-२’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, असतात अशा, सोडून द्या. कुणाला काही माहिती?

---

नमस्कार.

माझ्या आईचं अगदी हेच झालं, म्हणून लगेच लिहितेय. सदाशिव पेठेतून स्वारगेटपर्यंत रिक्षानं जायचं म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरी खुर्चीच्या कडेवर एका कुल्ल्यावर बसायची. आडवी झाली की पंधरा मिनिटांत दुखणं उतरायचं. एका डॉक्टरांनी तर गर्भाशय काढायचा सल्ला दिला होता. बसल्यावर वाढतं आणि झोपल्यावर कमी होतं, हे तिला कुणी विचारलंच नाही. तुम्ही ताईंना आधी तेच विचारा.

या सिस्टचं वर्णन टार्लोव्ह नावाच्या डॉक्टरांनी १९३८ साली केलं. त्रिकास्थीत, म्हणजे कमरेखाली माकडहाडाच्या वर असलेल्या तिकोनी हाडात (सेक्रम), मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांच्या मुळाशी पाण्याची पिशवी तयार होते. तिथल्या दुसऱ्या ते चौथ्या, म्हणजे एस-२ ते एस-४, या नसा मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रियांकडे जातात. त्यामुळे दोष मागे असला तरी दुखतं पुढे.

तुमचे डॉक्टर अगदी चुकीचं सांगत नाहीत. बहुतेक सिस्ट आयुष्यभर गप्प राहतात. पण दुखण्याची बाजू आणि सिस्टची बाजू जुळते का, हे बघायला हवं. कमरेच्या एमआरआयमध्ये त्रिकास्थीचा खालचा भाग बऱ्याचदा येतच नाही, तेव्हा सेक्रमचा वेगळा एमआरआय सांगा आणि फिल्म मणक्याच्या न्यूरोसर्जनना दाखवा. त्या नसेला सुन्न करणारं इंजेक्शन देऊन दुखणं तात्पुरतं थांबतं का, हेही तपासता येतं.

उपचाराची सुरुवात गोळ्या आणि फिजिओथेरपीनं होते. नुसतं पाणी काढलं तर पिशवी बहुधा पुन्हा भरते, म्हणून सीटीवर बघत सुईनं पाणी काढून आत फायब्रिन ग्लू (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा डिंक) भरतात. ऑपरेशन अगदी शेवटी, कारण पिशवीच्या भिंतीतच नसांचे धागे असतात आणि मणक्यातलं पाणी गळण्याचा धोका असतो. आईला प्रीगॅबॅलिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) आणि व्यायामानं बराच आराम पडला. परवा व्हिडिओ कॉलवर पाटावर बसून वाल सोलत होती.

लघवी अडली, आपोआप होऊ लागली किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर मात्र वेळ न घालवता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

ताईंची फिल्म आली की कळवा. रात्री उशिरा फोन केलात तरी चालेल.