शब्दचर्चा: ‘क्लॉक सिंक्रोनायझेशन’ला काय म्हणावं?

सांधेकर: डिजिटल टीव्हीच्या एमपीईजी-2 ट्रान्सपोर्ट स्ट्रीमवरच्या (चित्र, आवाज आणि वेळेची माहिती पॅकेटांतून नेणारा प्रवाह) मजकुरासाठी शब्द हवेत. प्रक्षेपकाच्या घड्याळाशी सेट-टॉप बॉक्सचं घड्याळ जुळवणं, जिटर (पॅकेट येण्याच्या वेळेतला कमीजास्तपणा), ड्रिफ्ट (घड्याळ हळूहळू सरकत जाणं), लिपसिंक (ओठ आणि आवाज यांचा मेळ). सगळीकडे ‘समक्रमण’ चालेल का?

दोलक: नको. त्या एका शब्दाखाली तीन निराळी कामं झाकली जातात आणि वाचणारा गोंधळतो. आपल्याकडे ‘घड्याळ लावणं’ आणि ‘घड्याळाची चाल सुधारणं’ असा फरक आहेच, तोच वापरा.

चॅनल बदलल्यावर बॉक्सला पहिला पीसीआर, म्हणजे प्रक्षेपकाने पाठवलेला वेळेचा आकडा, मिळतो. तो 42 बिटांचा असतो: 33 बिट 90 किलोहर्ट्झच्या टिकांचे (घड्याळाच्या ठोक्यांचे), 9 बिट 27 मेगाहर्ट्झचे. पहिल्या भागाला 300 ने गुणून दुसरा मिळवला की प्रक्षेपकाची वेळ हाती येते. ती बॉक्सच्या मोजयंत्रात (ठोके मोजणाऱ्या काउंटरमध्ये) जशीच्या तशी भरायची. हे घड्याळ लावणं, आणि ते एकदाच होतं.

पुढच्या प्रत्येक पीसीआरला मोजयंत्रात काहीही भरायचं नाही. आलेला आकडा वजा आपला आकडा, हा फरक गाळणीतून (फिल्टर) काढून व्हीसीएक्सओच्या (व्होल्टेजने वेग बदलता येणारं स्फटिकाचं घड्याळ) नियंत्रण व्होल्टेजला द्यायचा, म्हणजे स्फटिक किंचित वेगात किंवा संथ चालतो. ही चाल जुळवणं. दोन पीसीआरमध्ये जास्तीत जास्त 100 मिलिसेकंद चालतात. डिजिटल टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या डीव्हीबीची शिफारस 40 ची आहे.

खटपट्या: चाल जुळवलीच नाही तर किती बिघडतं तेही लिहा, नाहीतर एवढा खटाटोप कशाला ते कळत नाही. प्रक्षेपकाला 27 मेगाहर्ट्झवर ±810 हर्ट्झ, म्हणजे दहा लाखांत 30 ची सूट आहे. बॉक्सचा स्फटिक उलट दिशेने तेवढाच चुकला, तर फरक 60 चा. सेकंदाला 25 चित्रं धरली तर सुमारे 11 मिनिटांत एका चित्राची तफावत पडते. बॉक्सचं घड्याळ पुढे जात असेल तर बफर (आलेली माहिती तात्पुरती ठेवायची जागा) रिकामा पडून चित्र अडकतं. मागे पडत असेल तर बफर भरून वाहतो आणि माहिती गळते. ड्रिफ्टला म्हणून ‘पुढे जाणं’ आणि ‘मागे पडणं’. नवा शब्द कशाला घडवायचा?

सांधेकर: जिटरला ‘थरथर’?

दोलक: पडद्यावर चित्र हलतं त्यालाही लोक थरथरच म्हणतात. ‘वेळेची थरथर’ लिहा. पॅकेट 1 मिलिसेकंद उशिरा आलं तर फरक 27,000 टिकांचा दिसतो, पण घड्याळ तेवढं चुकलेलं नसतं. गाळणी फार चपळ ठेवली की स्फटिक या थरथरीमागे धावतो. कंपोझिट आउटपुट (एकाच तारेतून सगळं चित्र) असलेल्या बॉक्सात ‘पाल’ या जुन्या टीव्ही पद्धतीचा रंगवाहक (रंगाची माहिती नेणारी लहर) याच 27 मेगाहर्ट्झवरून काढतात. तो ढळला की टीव्ही रंग सोडतो. गाळणी फार संथ असेल तर चॅनल बदलल्यावर चाल जुळायला वेळ लागतो.

खटपट्या: लिपसिंकला ‘ओठमेळ’ सुचवतो. ते तिसरं काम: पीटीएसमध्ये (चित्र-आवाजासोबत येणारी दाखवण्याची वेळ) लिहिलेल्या वेळी चित्र दाखवायचं, आवाज सोडायचा. घड्याळ अगदी बरोबर असूनही ओठमेळ बिघडू शकतो, उदाहरणार्थ टीव्हीने चित्रप्रक्रियेत वेळ खाल्ला तर. आवाज चित्राच्या पुढे गेलेला लवकर खुपतो, मागे पडलेला जास्त खपतो. आयटीयूने (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) जाणवण्याची मर्यादा पुढे 45, मागे 125 मिलिसेकंद दिली आहे.

अल्पविराम: संगणकात तर व्हीसीएक्सओ नसतो. तिथेही ‘चाल जुळवणं’च म्हणायचं?

दोलक: तिथे घड्याळाला हात लावता येत नाही, आवाजच किंचित ताणतात किंवा आखडतात. 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने) दहा लाखांत 60 म्हणजे सेकंदाला जेमतेम 3 नमुने. ते नुसते गाळले तर टकटक ऐकू येते, म्हणून रीसॅम्पलिंग, म्हणजे सगळे नमुने नव्या वेगाने पुन्हा काढणं. त्याला ‘नमुने जुळवणं’ म्हणा.

सांधेकर: आणि डिस्कंटिन्युइटी?

खटपट्या: ‘खंड’. जाहिरात घुसवताना पीसीआर एकदम दुसऱ्याच आकड्यावर उडी मारतो. खंडाचा बिट लावलेला असेल तर चाल न बदलता घड्याळ नव्याने लावायचं. बिट विसरला तर बॉक्स त्या उडीलाच चूक समजून स्फटिक टोकाला नेतो. मात्र 33 बिट साधारण साडेसव्वीस तासांनी भरून शून्यावर येतात, तो खंड नव्हे. वजाबाकी करताना ते धरलं नाही, तर दिवसभर ठीक चाललेला बॉक्स दुसऱ्या दिवशी अडकतो.