मदत हवी आहे: विश्वस्ताच्या हितसंबंधांचा नियम न्यासपत्रात कसा आणायचा?

नमस्कार. आमचा छोटा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला आहे. नदीकाठच्या गावांतला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून शेतकऱ्यांना विनामूल्य कळवतो. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचा, आकडा वहीत, लगेच व्हॉट्सॲपवर.

७ विश्वस्तांपैकी एक आता पाणीपातळीचे सेन्सर विकतात, आणि पुढची खरेदी त्यांच्याकडूनच करण्याचा प्रस्ताव आलाय. माणूस सचोटीचा आहे. पण आकड्यांवर गावाचा विश्वास आहे तोवरच आमच्या कामाला अर्थ. न्यासपत्रात हितसंबंध जाहीर करण्याबद्दल अवाक्षर नाही, दुरुस्तीची तरतूदही नाही.

खरेदी तूर्त थांबवलीय, तीन दरपत्रकं मागवलीत. संबंधित विश्वस्ताने चर्चा व मतदानातून बाहेर राहावं असा ठराव एकमताने झाला, इतिवृत्तात नोंद आहे. सीए म्हणतात एवढं पुरे. ओळखीचे वकील म्हणतात, त्याच कायद्याच्या कलम ५०अ खाली योजनाच (धर्मादाय आयुक्तांनी ठरवून दिलेली न्यासाच्या कारभाराची नियमावली) करून घ्या. विश्वस्त बदलायचे नाहीत, पण कलम २२ चा बदल अर्ज विश्वस्तबदलापुरता नसून न्यासाच्या सरकारी नोंदवहीतल्या कोणत्याही नोंदीतील बदलासाठी असतो, तेव्हा तो लागेल का हेही कळत नाही. वकिलाच्या मोठ्या फीसाठी पैसे नाहीत.

असा कायमचा नियम नुसत्या ठरावाने बंधनकारक होतो का, की ५०अ शिवाय गत्यंतर नाही? कोणी हे प्रत्यक्ष केलंय का, आणि अर्जासोबत काय काय जोडावं लागलं?