शब्दचर्चा : ‘बेकायदा उत्खनन’, ‘चोरटे खोदकाम’, ‘तस्करी’, ‘लूट’

प्रश्न : क्रिमियाच्या (2014 मध्ये रशियाने व्यापलेला युक्रेनचा द्वीपकल्प) बातम्यांत ‘बेकायदा उत्खनन’ आणि ‘चोरटे खोदकाम’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ते समानार्थी आहेत का? तिथून गेलेल्या वस्तू ‘तस्करीच्या’ म्हणाव्यात की ‘लुटलेल्या’?

– समानार्थी मुळीच नाहीत. चोरटे खोदकाम म्हणजे अंधारात मेटल डिटेक्टर घेऊन टेकाड उकरणे. लपवाछपवी त्या शब्दातच आली. क्रिमियात 2014 पासून दिवसाढवळ्या खणणारेही आहेत : हातात रशियाचा परवाना, सोबत प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ. नोंदी कितीही नीट ठेवल्या तरी ते उत्खनन बेकायदाच, कारण हा परवाना देण्याचा अधिकार युक्रेनचा आहे. त्याला ‘चोरटे’ म्हटले की सरकारी हात नजरेआड होतो, आणि नुसते ‘उत्खनन’ म्हटले तर गुन्हाच पुसला जातो.

युद्धकाळात सांस्कृतिक वारसा जपण्यासाठी झालेल्या 1954 च्या हेग कराराला 1999 साली दुसरा प्रोटोकॉल (पूरक करार) जोडला गेला. त्याच्या नवव्या कलमानुसार व्याप्त प्रदेशात उत्खननाला मनाई आहे. वारसा वाचवायला, नोंदवायला किंवा जतन करायला ते अगदी अटळ असेल तेवढाच अपवाद. रशियाने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, पण मूळ करार आणि पहिला प्रोटोकॉल त्याच्यावर बंधनकारक आहेत. व्याप्त प्रदेशातून सांस्कृतिक वस्तू बाहेर जाऊ न देण्याची जबाबदारी पहिल्या प्रोटोकॉलातच आहे.

– मग ‘बचाव उत्खनन’ हा शब्द चालेल का? रशियन बाजू तोच वापरते.

– अवतरणचिन्हांत, तेही कोण म्हणते ते सांगून. क्रिमियातला तावरिदा महामार्ग आखला रशियाने, खेर्सोनेससमध्ये नवे संकुल उभारले रशियाने (हे प्राचीन ग्रीक नगर 2013 पासून युनेस्कोच्या यादीत आहे), आणि त्या बांधकामापासून अवशेष ‘वाचवायला’ खणणारेही तेच. धोका स्वतःच निर्माण करायचा आणि त्याला अटळ म्हणायचे, हे मला पटत नाही.

तस्करी म्हणजे माल चोरून सीमेपार नेणे. नोव्हेंबर 2022 मध्ये युक्रेनचे खेरसोन शहर सोडण्याआधी रशियनांनी तिथल्या कला संग्रहालयातली चित्रे ट्रकांत भरून क्रिमियातल्या सिम्फेरोपोलला नेली. यात चोरून काय होते? ही उघड लूट. उलट ‘सिथियन सोने’, म्हणजे क्रिमियातल्या संग्रहालयांमधल्या प्राचीन वस्तूंचा संच, प्रदर्शनासाठी रीतसर ॲमस्टरडॅमला गेले होते आणि खटल्यानंतर 2023 मध्ये कीव्हला पोचले. त्याला लुटलेले म्हणू नये.

– ‘व्याप्त’ऐवजी ‘ताब्यातील’ लिहिले तर?

– ‘ताब्यातील’मध्ये हक्काचा ताबाही बसतो. ‘व्याप्त’ म्हटले की जमीन दुसऱ्याची हे कळते. ‘पाकव्याप्त’मुळे तो अर्थ आपल्या कानाला सवयीचा आहे.

– लिलावाच्या कॅटलॉगमधल्या वस्तूच्या ‘पूर्वेतिहासा’साठी कोणता शब्द घ्यावा?

– एका शब्दावर भागवू नये. ‘सापडल्याची जागा’ वेगळी आणि ‘मालकीची साखळी’ वेगळी. खेर्सोनेससच्या मद्यकुंभांच्या कानांवर नगर-अधिकाऱ्याच्या नावाचा ठसा असतो. असा कान मातीच्या थरात जागेवर मिळाला, तर त्या थराचा काळ ठरवायला मदत होते. उपटून विकला, की उरतो ठसा असलेला मातीचा तुकडा. साखळी खोट्या कागदांवर जोडता येते, थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून ‘जुन्या खासगी संग्रहातून’ एवढेच छापलेले असेल, तर अनुवादात ‘सापडल्याची जागा दिलेली नाही’ असे स्पष्ट लिहावे.