गॅल्व्हनाइझिंगने गंजाची काळजी मिटते, पकडीची नाही

पोलादी प्लेटा गॅल्व्हनाइझ केल्या, म्हणजे त्यांवर जस्ताचा थर चढवला, की पुलाच्या सांध्यांची काळजी मिटली, असं काही जण म्हणतात. तसं नाही. घर्षणावर चालणाऱ्या सांध्यात भार पेलतात ते बोल्टांनी आवळून एकमेकांवर दाबून धरलेले प्लेटांचे पृष्ठभाग. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात ग्रिट ब्लास्ट करून (कठीण कणांचा जोरदार मारा करून) सुटा गंज काढलेल्या पृष्ठभागाला घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.५० आहे, ब्लास्ट करून गॅल्व्हनाइझ केलेल्याला फक्त ०.१०. म्हणजे तेवढ्याच भाराला पाचपट बोल्ट! इथाइल झिंक सिलिकेट या जस्तयुक्त रंगाचा पातळ थर दिला तर ०.३० मिळतो. इपॉक्सी रंगाचे जाड थर मात्र प्लेटांच्या मध्ये अजिबात जाऊ देऊ नका. दाबाखाली रंग हळूहळू चेपतो आणि बोल्टचा ताण उतरतो. आवळून झाल्यावर नटाच्या कडा आणि उघडे आटे ब्रशने आधी वेगळे रंगवून घ्या, स्प्रेचा रंग त्या कोपऱ्यांत नीट बसत नाही.