'कमी घ्या, पण भारी घ्या': हा सल्ला नक्की कोणासाठी?

काजबटण

कालपासून एक लेख सगळीकडे फिरतोय. मलाही दोन-तीन जणांनी 'तुझ्या कामाचा आहे' म्हणून पाठवला. मथळा 'कमी पैशात स्टायलिश दिसा'. आत काय, तर आधी कपाट रिकामं करा आणि वर्षभर अंगाला न लागलेलं सगळं देऊन टाका. मग एक पांढरा शर्ट, एक काळी पॅन्ट, एक झकास कोट असे मोजके पण दर्जेदार कपडे 'गुंतवणूक' म्हणून घ्या. सगळं सगळ्याशी जुळतं, झालं काम.

ज्याचा हात आखडता आहे त्याला पहिला सल्ला 'आहे ते देऊन टाक' आणि दुसरा 'महाग घे'? यात काटकसर कुठे आली? देऊन टाकल्यावर महिन्याभरात त्याच शर्टाची गरज पडली तर तो परत विकत घ्यायची ऐपत ज्याला आहे, त्यानेच कपाट रिकामं करावं. बाकीच्यांनी 'राहू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं असतं, आणि ते खरंच लागतं.

हे खूळ नवं नाही. लंडनमधल्या एका दुकानाच्या मालकीणबाईंनी १९७० च्या दशकात 'कॅप्सूल वॉर्डरोब' (म्हणजे एकमेकांशी जुळणारे मोजकेच कपडे) हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन या डिझायनरने सात कपड्यांचा संच बाजारात आणला. दोघीही कपडेच विकत होत्या, एवढं लक्षात ठेवा.

माझं म्हणणं एवढंच. पैसे कमी असतील तर ते नव्या कपड्यात घालू नका, आहे त्याच्या फिटिंगमध्ये घाला. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली, बाही मनगटाच्या हाडाशी संपली आणि पॅन्टचा घोळ बुटावर साचला नाही, तर साधा शर्टही अंगावर शोभतो. नाहीतर भारीतला शर्टसुद्धा मागून आणल्यासारखा दिसतो.

मोजकंच

ताई, लेख अर्धाच वाचलात का? 'महाग घ्या' असं कुठेही लिहिलेलं नाही, 'टिकाऊ घ्या' लिहिलंय. दर हंगामाला ढीगभर स्वस्त कपडे आणायचे, दोन धुण्यांत त्यांचा आकार जाणार, मग परत बाजार. माझी एक काळी पॅन्ट आहे. घेतली तेव्हा घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. त्या वेळी घेतलेल्या माझ्या बाकी सगळ्या पॅन्ट मांडीत विरून पोछ्याला गेल्या, ती अजून ऑफिसला जाते. किंमत तिप्पट आणि आयुष्य पाचपट असेल तर स्वस्त काय पडलं, ते सांगा. हिशेब चौथीतला आहे.

आणि 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेल्या कपड्यांनी कपाट असं गच्च भरतं की चांगलं काय आहे तेच दिसत नाही. मग रोज सकाळी 'घालायला काही नाही'.

काजबटण

हिशेब चौथीतलाच आहे, पण पहिली ओळ गाळलीत. तिप्पट पैसे *आज* आणायचे कुठून? पुढच्या पाच वर्षांची बचत आज खिशात नसते. म्हणून तर माणूस स्वस्त घेतो आणि पुन्हा पुन्हा घेतो. त्याला हिशेब कळत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर धन्य आहे.

शिवाय महाग म्हणजे टिकाऊ हे कोणी सांगितलं? किमतीचा मोठा भाग लेबलाचा असतो. कपडा उलटा करून बघा. शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडली आहे, टाके बारीक आणि सरळ आहेत का, शिवण दोन्ही बाजूंना ओढली की मधून उजेड दिसतो का, बटणाखालचा दोरा लोंबतोय का. पट्ट्यांचं किंवा चौकड्यांचं कापड असेल तर शिवणीपाशी रेषा जुळवल्यात का तेही बघा. जुळवाजुळवीला जास्त कापड लागतं, म्हणून पैसे वाचवायचे तर पहिली कात्री तिथेच लागते. हे सगळं बघायला दमडी पडत नाही. भारी दुकानातले कपडे या परीक्षेत धडाधड नापास होताना पाहिलेत.

खिसा_कुठाय

विषय निघालाच आहे तर सांगते. बायकांच्या कपड्यांना खिसे द्या, आमचं बजेट आपोआप सुधारेल. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका संकेतस्थळाने वीस ब्रँडच्या जीन्स घेऊन खिसे मोजले. बायकांचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. मोबाईल राहत नाही, मग पर्स घ्या. पर्स आली की ती कपड्याला जुळायला हवी, मग दुसरी घ्या. एका खिशाच्या कापडात वाचवलेले पैसे आमच्याकडून असे काढतात. नव्या पॅन्टला शिवलेले खोटे खिसे बघितले की टाळकं सटकतं. नुसती फट, आत पिशवीच नाही!

दुसरा_हात

इतका खल कशाला? वापरलेले कपडे घ्या. मी गेली काही वर्षं जवळपास तेच घेते. जे टिकायचं ते टिकलेलं असतं, आटायचं ते आटलेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो. नव्या कपड्याची ही परीक्षा आपल्या पैशांनी होते, इथे दुसऱ्याने आधीच घेतलेली असते. लोकरीचा अस्सल कोट नवा घ्यायचं स्वप्नातही आलं नसतं, वापरलेला मिळाला. फक्त काख, कॉलर आणि मांडीचा जोड उजेडात नीट तपासायचा. वापरलेलं घालायची लाज वाटते, हा निव्वळ आपल्या डोक्यातला खेळ आहे.

धाकटा

डोक्यातला खेळ?

चार भावंडांत मी शेवटचा. नवा शर्ट म्हणजे काय ते कमवायला लागल्यावर कळलं. आतेभावाचा एक शर्ट माझ्याकडे आला. त्याच्या खिशावर त्याच्या नावाची अक्षरं भरतकामाने काढलेली होती. आईने रात्री बसून एकेक टाका उसवला, पण सुईची भोकं राहिली, आणि दोऱ्याखालचं कापड उन्हाने न विटल्यामुळे अक्षरं गडद रंगात तशीच उमटली. वर्गात पहिल्याच तासाला एकाने ती मोठ्याने वाचून दाखवली. पुढे वर्षभर मला त्याच नावाने हाक मारत होते.

तुम्ही वापरलेलं *निवडता*. तुमच्या मैत्रिणी 'अगं, कुठून मिळवलास!' म्हणतात. आमच्या अंगावर तेच असलं की लोक कीव करतात. कोट तोच, फक्त आत कोण आहे त्यावर त्याला 'विंटेज' म्हणायचं की 'उतरलेला' ते ठरतं. तेव्हा लाज सोडा वगैरे उपदेश आम्हाला नकोत.

दुसरा_हात

तुमच्या वर्गातल्या पोरांचा राग माझ्यावर काढताय. मी कोणाची कीव केली? वापरलेले कपडे घ्यायला कोणी जबरदस्तीही करत नाहीये.

धाकटा

जबरदस्ती नाही, नुसतं 'डोक्यातला खेळ' म्हणालात. ते पुरेसं होतं.

इतिहासाचा_तास

भांडण जुनंच आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग होतं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं, त्यातली २६ एका पुरुषी सुटालाच जायची. सरकार पत्रकं काढून रफू कसं करायचं, जुन्यातून नवं कसं बेतायचं ते शिकवत होतं. कापड वाचवायला पुरुषांच्या पॅन्टच्या दुमडपट्टीवरही बंदी आली. मग पुरुष मुद्दाम लांब पॅन्ट घेऊन घरीच पायाशी दुमडायचे. फॅशनची हौस कायद्यालाही आवरली नाही! रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं. त्या काळात ठिगळाची कोणाला लाज वाटत नव्हती. तेव्हा धाकटेभाऊ, मानसिकता बदलता येते.

धाकटा

सर, कूपनं *सगळ्यांना* होती. शेजाऱ्याच्याही कोपराला ठिगळ असेल तर माझ्या ठिगळाची लाज कशाला वाटेल? तुम्ही माझाच मुद्दा मांडलात, त्याबद्दल आभार.

काजबटण

आणि माझाही. ज्याचं कपाट १९४१ च्या आधीच उत्तम सुटांनी भरलेलं होतं, त्याला ६६ कूपनं भरपूर झाली असणार. ज्याच्याकडे एकच जोडी होती, त्याचं काय? 'मोजकंच पण दर्जेदार' त्यालाच परवडतं ज्याच्याकडे दर्जेदार आधीपासून आहे.

मोजकंच

छान. म्हणजे स्वस्त कपड्यांचे ढीग घेत राहायचं का? ते कोण शिवतं तेही बोला मग. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राना प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेवर कामगार गेले. आपल्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतंच.

काजबटण

राना प्लाझा माझ्या तोंडावर मारू नका. तिथे फक्त तळातल्या भावाचा माल शिवला जात नव्हता, नावाजलेल्या ब्रँडांचंही काम होतं. जास्त पैसे मोजले म्हणजे शिवणाऱ्याला जास्त मिळाले, असं बिलावर कुठे लिहून येत नाही. आणि ढीग घ्या असं मी म्हणाले कधी? मी म्हणतेय, *काहीच घेऊ नका*, आहे ते बेतून घ्या! वाचायची सवय कोणाला नाही ते दिसलंच.

बादलीभर_पाणी

सगळे घेण्यावर भांडताय. धुण्यावर कोणी बोलेल का? चांगले कपडे घालून फाटण्याआधी धुऊन मरतात. उलटे करून थंड पाण्यात धुवा, चेन लावून टाका, नाहीतर तिचे दात शेजारच्या शर्टाला खातात. गडद रंग सावलीत वाळवा. स्ट्रेचच्या पॅन्टला गरम पाणी, ड्रायर किंवा कडक इस्त्री दाखवली की आतला ताणणारा धागा, इलास्टेन, मरतो आणि गुडघ्याला पोतं होतं. व्हिस्कोस ओलं असताना कमजोर असतं, ते पिळायचं नाही. सुताचं उलटं, ते ओलं असताना जास्त मजबूत. पाव दिवस घातलेली जीन्स धुवायला टाकणाऱ्यांनी टिकाऊपणावर प्रवचन देऊ नये.

दुसरा_हात

गोळ्यांचं सांगा ना. स्वेटरवर येतात ते.

बादलीभर_पाणी

घासलं जातं तिथे येणारच. शुद्ध सुतावरचे गोळे बरेचसे झडून जातात. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर त्याचा चिवट धागा गोळ्याला धरून ठेवतो, म्हणून सुटता सुटत नाहीत. कापड ताणून सपाट धरायचं आणि दाढीच्या रेझरने हलक्या हाताने काढायचे. नखाने ओढलेत तर धागा आणखी बाहेर येतो.

खिसा_कुठाय

धुताना खिसे तपासा, असंही लिहा. ज्यांना आहेत त्यांनी.

मोजकंच

बरं, उलटा करून बघायची काजबटण ताईंची परीक्षा काल दुकानात करून पाहिली. दोन भारी शर्ट नापास. एवढं मान्य. पण बुटांच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. बूट अल्टर होत नाहीत आणि स्वस्त बुटाचा तळ एका पावसात सुटतो.

काजबटण

एवढं मोठ्या मनाने मान्य केलंत, नोंद घेतली आहे. बुटांचं तुमचं बरोबर, तिथे पैसे घाला. पण नवा तळ लावता येईल असा शिवलेला बघून घ्या. नुसता चिकटवलेला घेतलात तर तुमचं पाचपट आयुष्य कागदावरच राहील.

धाकटा

एक विचारायचं होतं. एक कोट आलाय माझ्याकडे. कोणाचा ते विचारू नका. खांद्यात एक बोट मोठा आहे, बाकी सगळं बसतं. शिंप्याकडे टाकू का?

काजबटण

बाही आखूड करणं, कंबर आत घेणं, पॅन्टची लांबी ही सोपी कामं. कोटाचा खांदा मात्र सगळ्यात वाईट. बाही पूर्ण उसवून, आतलं पॅडिंग आणि अस्तर काढून परत बसवावं लागतं. मजुरी कोटाला जड होईल. आधी नुसतं पॅड बदलून पातळ घालता येईल का ते विचारा. एका बोटाचा फरक असेल तर कधीकधी तेवढ्यावर भागतं. दोन बोटं असती तर परत करा म्हणाले असते.

दुसरा_हात

कोट लोकरीचा आहे का? नकोच झाला तर मला कळवा.

धाकटा

नाही कळवणार.