शब्दचर्चा: कंडी, साटंलोटं की हातचलाखी?

प्रश्न
माझी मावशी टूथपेस्ट घेताना ट्यूबच्या शेवटाची रंगीत खूण बघते. काळी असेल तर नुसती रसायनं, हिरवी असेल तर नैसर्गिक, आणि कंपन्या हे मुद्दाम लपवतात, अशी तिची खात्री आहे. अशा समजांना वर्तमानपत्रं 'षड्यंत्र सिद्धान्त' म्हणतात. एवढ्याशा खुणेला षड्यंत्र म्हणवत नाही. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद
'कंडी'. कंडी पिकवणे म्हणजे बिनबुडाची बातमी उठवणे. ती खूण यंत्रासाठी असते. ट्यूबचा पट्टा सरकताना प्रकाशसंवेदक ती टिपतो आणि कुठे कापायचं ते यंत्राला कळतं. छपाईवर उठून दिसेल तो रंग वापरतात, आतल्या पेस्टशी त्याचा काही संबंध नाही.

प्रतिसाद
कंडी पिकवणाऱ्याला ती खोटी असल्याचं ठाऊक असतं. मावशी मनापासून बोलतेय, म्हणून तिचा तो 'समज'.

पण कंपन्यांवरचा प्रत्येक संशय कंडी नसतो. १९२४ मध्ये जिनिव्हात ओसराम, फिलिप्स आणि इतर बल्बवाल्यांनी फीबस नावाचा करार केला. बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरलं. त्याआधी बरेच बल्ब १,५०० तास किंवा त्याहून जास्त चालत. ज्याचा माल मर्यादेबाहेर टिके, त्याला दंड. याला मी 'साटंलोटं' म्हणेन.

प्रतिसाद
'संगनमत' का नाही?

प्रतिसाद
संगनमताला एकमत पुरतं, साटंलोट्यात देवाणघेवाण लागते. मूळ शब्द सोयरिकीचा: आपली मुलगी त्यांच्या घरात द्यायची, त्यांची आपल्या घरात आणायची. फीबसवाल्यांनी बाजारपेठाही वाटून घेतल्या होत्या; तुझा मुलूख तुला, माझा मला. दोन्ही घरं खूश, आणि बल्ब घेणारा त्या लग्नात कुठेच नाही. कंपन्यांच्या अशा गटाला इंग्रजीत 'कार्टेल' म्हणतात, पण तोसुद्धा इतका नेमका शब्द नाही.

बल्बमधली जास्त टिकणारी तार मंद उजेड देते आणि तेवढ्याच उजेडासाठी वीज जास्त खाते, असा बचाव त्यांनी केला. त्यात तथ्य होतं, पण त्यासाठी दंड कशाला लागतो?

प्रतिसाद
पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचलाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात, ते 'मापात पाप' ना?

प्रतिसाद
आमचं किराणा दुकान होतं, म्हणून सांगतो. मापात पाप म्हणजे किलो सांगून साडेनऊशे ग्रॅम देणं. पुड्यावर निव्वळ वजन छापणं कायद्याने बंधनकारक आहे आणि छापलेलं तेवढं आत असतं. बदल समोर असून दिसत नाही, कारण आपण किंमत वाचतो, वजन नाही. ही 'हातचलाखी'. वाक्यात: 'कंपनीने भाव न वाढवता वजनात हातचलाखी केली.' वडील पुडा हातात घेऊनच ओळखायचे, जुना की नवा.

मूळ प्रश्नकर्ती
मावशीसाठी 'समज' घेते. 'कंडी' म्हटलं तर तिला लागेल, ती काही तिने पिकवलेली नाही.