अडनिड्या खिडकीला म्हणे पडदाच नको!

वरचा_हॉल (धागाकर्ता)
कालच्या त्या पोस्टला तिथंच उत्तर लिहीत होतो, पण लांबलं म्हणून हा वेगळा धागा. सल्ला काय होता, तर कमानीची, तिरकी, जिन्यातली, कोपऱ्यात घुसलेली खिडकी असेल तर तिला काही लावू नका, ती घराचा दागिना असते, उजेड खेळू द्या. खाली सगळे वा वा, किती छान. मी ते वाचलं दुपारी साडेचारला, डोक्यावर ओला पंचा घेऊन, माझ्याच दागिन्यासमोर बसून.

घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, आजोबांच्या वेळचं. वरच्या हॉलला पश्चिमेची खिडकी, पाच फूट रुंद, खाली दोन झडपा आणि वर काचेची अर्धगोल कमान. डाव्या हाताला आडवी भिंत अशी येऊन चिकटलीय की चौकटीशेजारी दोन इंच जागा नाही, ब्रॅकेट ठोकायचा कुठं? छज्जा आहे, पण पश्चिमेला छज्जा म्हणजे कबुतरांची सोय, ऊन खाली उतरतं आणि समोरून सरळ आत. सोफ्याचा एक हात मरून होता तो गुलाबी झालाय.

दोन वर्षांत काय काय केलं ते ऐका. आधी गांधीनगरहून तयार रिंगवाले पडदे आणले, रॉड कमानीच्या खाली लावला, तर ऊन बरोबर वरच्या कमानीतून डोळ्यात. मग रॉड कमानीच्या वर नेला, तर पडदा डावीकडं सरकेना, गोळा होऊन खिडकीवरच बसायला लागला आणि ज्या कमानीचं कौतुक ती दिसेचना. मग एका फिल्मवाल्यानं गळ्यात काळी फिल्म मारली. मे महिन्यात भर दुपारी टक्कन आवाज, काच कोपऱ्यापासून तडकली. काळ्या फिल्मनं काच मधे तापते, लाकडात दाबलेली कड तेवढी तापत नाही, साधी काच तो ताण सोसत नाही, हे मला नंतर कळलं आणि त्याला आधीच माहीत असणार. शेवटी छज्जाला बाहेरून बांबूचा चिक, म्हणजे काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा, टांगला. तेवढ्यानं फरक पडला, कारण ऊन काचेच्या आत आलं की मग आतून कितीही जाड पडदा ओढा, तापायचं ते आत तापलेलंच असतं. फक्त बायको म्हणते घर रसवंतीगृह दिसायला लागलंय.

तेव्हा दागिनावाल्यांनी एक दुपार आमच्याकडं यावं. चहा देतो. गरमच.

उजेडवाली
तो सल्ला माझा होता. मी 'सगळ्या खिडक्या' असं कुठंही लिहिलं नव्हतं, उत्तरेची खिडकी आणि जिन्यातली खिडकी असं स्पष्ट लिहिलं होतं, पण लोक फोटो बघतात आणि मजकूर सोडतात. माझं म्हणणं अजून तेच आहे. आपल्याकडं खिडकी दिसली की झाक. माझ्या सासरी जाड मखमली पडदे, बारा महिने बंद, दिवसा ट्यूबलाइट, आणि जुलैत त्या पडद्यांच्या मागं भिंतीला हिरवी बुरशी. कोल्हापूरच्या पावसात कापड वाळतच नाही, तुम्ही पडदे नाही, ओली गोधडी टांगता खिडकीला. आणि फिल्मवाल्यानं फसवलं त्याचा राग माझ्यावर का?

तांबडा_पांढरा
आवो अंबाबाईच्या देवळात खुद्द देवीवर पश्चिमेचं ऊन येतंय आणि अख्खं गाव ते बघायला गर्दी करतंय, तिथं कुणी चिक लावला का? समोर खिडकीच ठेवलीया किरणांसाठी. तुमच्या घरी किरणं येत्यात तर आरती करा की मर्दा!

पंचांगपंत
खिडकी नव्हे. किरणं महाद्वारातून येतात, गरुड मंडपातून पुढं, पितळी उंबरठा ओलांडून गाभाऱ्यात. उगाच काहीही ठोकून देऊ नका.

तांबडा_पांढरा
मी त्या गल्लीत वाढलोय. मला शिकवू नका. आमची आजी खिडकीच म्हणायची.

पंचांगपंत
आजींचा आदर आहेच. देवीवर किरणं पडतात त्या किरणोत्सवाचे परंपरेनं मानलेले दिवस म्हणजे ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग मुख. हेच दिवस का, विचार केलाय कधी? २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो. नोव्हेंबरात तिकडं जाताना ज्या जागी मावळतो, जवळजवळ त्याच जागी परत येताना फेब्रुवारीच्या तोंडाला मावळतो. मंदिर बांधणाऱ्यांना सूर्याची ही ये-जा माहीत होती. तुमच्या आमच्या आर्किटेक्टला नसते.

महाद्वारकर
आणि त्या वाटेत लोकांनी काय काय उभं केलंय ते पण लिहा की. दरवर्षी अडथळ्यांची चर्चा, दरवर्षी पाहणी, दरवर्षी फोटो. ढग आले तर ढगाला शिव्या, धुरळा असेल तर धुरळ्याला. स्वतःच्या गच्चीवरची टाकी कुणाला दिसत नाही.

तांबडा_पांढरा
कुणाला टोमणा मारायलाय? आमची टाकी वाटेत नाय. मोजून घे.

महाद्वारकर
मी नाव घेतलं का? अंगाला का लागलं मग?

तांबडा_पांढरा
समोर ये, मग सांगतो अंगाला काय लागतं.

वरचा_हॉल (धागाकर्ता)
अहो माझ्या खिडकीचं बोला कुणीतरी! देवीला वर्षातून सहा दिवस, मला दोनशे दिवस किरणोत्सव आहे.

पडदेवाले_मामा
तीस वर्षं राजारामपुरीत पडदे शिवतोय, सांगतो. पहिली चूक, रॉड कमानीच्या खाली का वर हा प्रश्नच नाही. कमान आणि खालची झडप ही दोन कामं आहेत. कमानीत कायमचा बसवायचा तुकडा शिवायचा, चुण्या मधून पंख्यासारख्या पसरलेल्या, प्लायची पट्टी वाकवून तिच्यावर. तो उघडत नाही, उघडायचा नसतो. खाली साधा पडदा. डावीकडं जागा नाही तर ब्रॅकेट कशाला, छताला ट्रॅक मारा आणि सगळा पडदा एकाच बाजूला, उजवीकडं गोळा करा. कापड रुंदीच्या दुप्पट तरी घ्या, अडीचपट घेतलंत तर बरंच. लोक पाच फुटाच्या खिडकीला सहा फूट कापड आणतात आणि मग पडदा चादरीसारखा ताणून बसला म्हणून माझ्याशी भांडतात. परवा एकजण चक्क विती मोजून माप घेऊन आला. माझी वीत का तुमची वीत, विचारलं. ब्लाइंड तर अजून नाजूक, चौकटीच्या आत बसवायचा तर दोन सूत चुकलं की घासतो. वर, मधे, खाली तीन ठिकाणी मापायचं, जुन्या घरात तिन्ही वेगळी येतात.

शाहूपुरीकरीण
मामा तुमचं बरोबर हाय पण हे सगळं स्वतःच्या घरात. मी भाड्यानं राहतो. आधीच्या मालकानं चार भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापले, चार! बाथरूमच्या वरच्या त्या पट्टीएवढ्या खिडकीला मी दुधी फिल्म लावली पाणी मारून, आणि स्वयंपाकघरात स्प्रिंगचा दाबून बसणारा रॉड. भोक नाय, भांडण नाय. आणि जमिनीपर्यंत लोळणारे पडदे लावा म्हणणाऱ्यांना एक सांगतो, २०१९ ला आमच्यात पाणी शिरलं तेव्हा माळ्यावर भांडी चढवली, पोरांची दप्तरं चढवली, पडदे काढायचे राहिले. पाणी उतरल्यावर ते पडदे दोघांना उचलेनात, एवढा गाळ प्यालेले. २०२१ ला पहिल्यांदा पडदे काढलो. आता माझे सगळे पडदे खिडकीच्या खाली चार बोटं, बास.

सदाशिव_पेठ_नको
साहेब, खिडकीच्या चार बोटं खाली संपणारा पडदा म्हणजे आखूड झालेली पँट. सौंदर्यदृष्टी नावाची गोष्ट असते.

शाहूपुरीकरीण
मी बाई हाय. कोल्हापुरात बायका बी 'जातो' 'येतो'च म्हणत्यात. आणि तुमची पँट महापुरात किती वर येती ते बघून मग सौंदर्य बोलूया.

उजेडवाली
हे भारी होतं. बरं मामा, जिन्यातल्या कमानीला तो पंखा लावू नका मात्र. दहा फुटांवर धूळ कोण झटकणार? शिडीवर चढणारी व्यक्ती घरातली कोण असते हे सगळ्यांना माहीत आहे.

पडदेवाले_मामा
ते मात्र खरं आहे ताई. तो पंखा मी दोन ठिकाणी स्वतः जाऊन काढून दिलाय.

दोन_पोरांची_आई
एक राहिलंच. उंच खिडकीला साखळीचे ब्लाइंड लावता ना, त्या साखळीचं वेटोळं खाली मोकळं सोडू नका. माझा धाकटा दोन वर्षांचा, जिन्याच्या वळणावर उभा, साखळी गळ्यात घालून 'हार' म्हणत होता आणि एक पाय खालच्या पायरीवर टाकणार एवढ्यात मोठीनं उचलला. दुकानातल्या माणसानं साखळी भिंतीला पक्की करायची क्लिप पाकिटातच ठेवली होती, न बसवता. तेव्हापासून माझ्या घरात एकही ब्लाइंड नाही. असू दे ऊन.

तांबडा_पांढरा
वैनी, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्यात बी मोकळीच हाय. आत्ता उठून खिळ्याला गुंडाळली, उद्या क्लिप आणतो.

पंचांगपंत
धागाकर्त्यांना एक प्रश्न, कोणी विचारलाच नाही म्हणून. खिडकीकडं तोंड करून उभं राहिलं तर सोफा कुठल्या हाताला?

वरचा_हॉल (धागाकर्ता)
डाव्या. का? त्याचंही पंचांग आहे का?

पंचांगपंत
आहे. मघाशी सगळे टाकी मोजत होते तेव्हा मी तेच सांगत होतो. मार्चनंतर सूर्य पश्चिमेच्या उजवीकडं, वायव्येला सरकून मावळतो. उजवीकडून येणारं ऊन खोलीत डावीकडं पडतं. म्हणजे ऐन मे महिन्यात तुम्ही स्वतः नेमके उन्हात बसता. सोफा उजव्या भिंतीला घ्या. डिसेंबरात उलटं होईल, पण तेव्हा ते ऊन तुम्हालाच हवंसं वाटेल.

महाद्वारकर
दोन वर्षं, तीन पडदे, एक फुटकी काच, आणि उत्तर काय तर सोफा ढकला.

वरचा_हॉल (धागाकर्ता)
ढकलला. खरंय. साडेपाचला ऊन बरोबर सोफ्याच्या जुन्या जागेवर फरशीवर पडलंय, मांजर झोपलंय तिथं. पंत, तुमचं मान्य, पण चिक काढणार नाही, खोली तापायची ती तापतेच. पावसाळ्यात काढावाच लागतो, पश्चिमेचा वारा एका झटक्यात शेजाऱ्याच्या गच्चीवर नेऊन टाकेल. कमानीचा पंखा मामांकडून शिवून घेतो, धूळ मी झटकणार, लिहून देतो. बायको म्हणते सोफा उजवीकडं घ्या असं ती गेल्या गुढीपाडव्यापासून सांगतेय, तिला पंचांग लागलं नव्हतं.

उजेडवाली
पश्चिमेपुरती मी पण माघार घेते. पश्चिमेपुरतीच. आणि त्या चिकाला निदान हिरवा रंग तरी मारू नका.

वरचा_हॉल (धागाकर्ता)
मारून झालाय.

तांबडा_पांढरा
पंत, ९ नोव्हेंबरला या देवळात, खिडकी का महाद्वार ते समोरासमोर बघू. महाद्वारकर तू पण ये. टेप घेऊन ये, टाकी मोजायला.